दुनळी का पंपाची

शेषेरावांना बंदुकीचा परवाना मिळाला तेव्हा राखायला पीकच उरलं नव्हतं. अर्ज केला होता तो भरल्या सालात. तेव्हा ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, रानडुकरं येऊन ताटं लोळवायची आणि हरभऱ्यात करकोचे उतरायचे. मग लातूरचा वेगळा जिल्हा झाला. भावाभावांच्या वाटणीत तांब्या कुणाकडे गेला हे जसं दोन-तीन वर्षं कळत नाही, तसं या अर्जाचं झालं. परवाना हातात पडला तो पंच्याऐंशीच्या दुष्काळात. शिरूर अनंतपाळच्या आसपास तोवर रानडुकरांनीसुद्धा रान सोडलं होतं.

राहिली होती ती बदकं. गावच्या तळ्यात मधोमध एक डबकं उरलं होतं आणि चार तालुक्यांतली बदकं त्याच्यावर जत्रेला आल्यासारखी जमली होती. शिकारीची चिठ्ठी तेव्हा मिळायची. लोक म्हणू लागले, शेषेरावांचं नशीब बघा, भाकरी गेली तर कालवण आलं. पण शेषेरावांनी जन्मात गोफणीपलीकडे काही चालवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना आता बंदूक नकोच होती. त्यांना हवी होती लेक.

त्यांची एकुलती एक सुमन कंधारकडे दिली होती. लग्न होऊन दोन वर्षं झाली, पण पोरगी माहेरी आली नव्हती. तिचे सासरे किशनराव पट्टीचे शिकारी. बदक पाण्यावरून उठायच्या आधी त्याचं कालवण शिजत घालतात, असं त्यांच्याबद्दल बोललं जाई. लेकाच्या वरातीत बार काढायची त्यांच्या घराण्याची रीत होती. भर मांडवाच्या दारात त्यांनी बंदूक वर केली, घोडा ओढला, आणि बंदूक नुसती 'टिक' म्हणाली. दुसऱ्यांदा ओढला, पुन्हा 'टिक'. झालं ते झालं, पण शेषेरावांचा मेहुणा केरबा मागून ओरडला, "पाव्हणं, बैल बसला की वो!"

सगळा मांडव हसला. वाजंत्रीवालासुद्धा सनई काढून हसला. किशनराव पंगतीत जेवले, पण विड्याला हात न लावता सून घेऊन निघून गेले.

आता रीत अशी, की सासरी गेलेल्या लेकीला आणायला माहेरचं माणूस जावं लागतं. सुमनला भाऊ नाही, म्हणजे हा मान मामाचा, केरबाचा. केरबा म्हणे, "मी त्या दारात जात न्हाई. मला बघितल्यावर त्यांची बंदूक उडल, तवा न उडलेली." आणि शेषेराव म्हणत, चिडलेल्या माणसाच्या दारात जावं आणि तो नाही म्हणाला तर लेकीचं तिथं काय राहील? असं करता करता दोन पंचम्या गेल्या, दोन दिवाळ्या गेल्या. शेवटी साखराबाईंनी नवऱ्याला सांगून टाकलं, "तुमी बंदूक आणा न्हाईतर तोफ आणा. येळवसाला माझी लेक आपल्या रानात पायजे. न्हाई आली तर मी बी रानात यायची न्हाई. आंबील तुमचं तुमी ढवळा."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातूरकडच्या गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे आपापल्या रानात, कडब्याच्या कोपीपाशी भज्जी-आंबील खात बसलेले. दुष्काळ असो की सुकाळ, ते चुकत नाही. तेव्हा शेषेरावांनी डोकं चालवलं. कंधारच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ किशनरावांना निरोप धाडला: बंदूक घ्यायचीय, आम्हाला त्यातलं कळत नाही, पारख तुमची पाहिजे. माणूस मानाचा भुकेला असला की अर्धं काम झालं. ते म्हणतील ती बंदूक घ्यायची, वाहवा करायची, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता लेकीचं बोलायचं. उलट निरोप आला, शनिवारी लातूरच्या स्टँडवर भेटतो. येळवस तेव्हा आठवड्यावर आली होती.

शनिवारी सकाळी शेषेराव गाडीला उभे राहिले, तर शेजारी नवा फेटा बांधून केरबा हजर.

"दाजी, माझ्याबिगर आपल्या घरात कधी खरेदी झालीया का?"

हे मात्र खरं होतं. बैल असो, शिलाईचं मशीन असो, केरबाने हात लावल्याशिवाय घरात काही आलं नव्हतं. हाळीच्या बैलबाजारात त्याचं नाव होतं. त्याला नको म्हणावं तर साखराबाई फुगणार, आणावा तर व्याही उठून जाणार. इकडे आड तिकडे विहीर, आणि त्या वर्षी दोन्ही कोरडे. शेषेरावांनी मुकाट्याने दोन तिकिटं काढली.

स्टँडवर किशनरावांनी केरबाला पाहिलं आणि मान फिरवून नव्या जिल्ह्याच्या पाट्या वाचायला सुरुवात केली. दुकानापर्यंत तिघं चालले ते असे, की मधे शेषेराव आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस. कुणी पाहिलं असतं तर शेषेरावांना पकडून नेतायत असंच वाटलं असतं.

बंदुकांचं दुकान मल्लिकार्जुनअप्पांचं. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग आणि जिभेला सात पिढ्यांत मटण माहीत नाही. वडिलांनी जुन्या राजवटीत दुकान काढलं म्हणून ते चालवत होते इतकंच. त्यांनी आधीच बजावलं, "बंदूक दाखवितो, काडतूस दाखवितो. पण कापाकापीचं बोलणं दुकानाच्या भाईर. काय मारायचं ते नाव न घेता सांगा."

"पाण्यावरचं," शेषेराव म्हणाले.

"समजलं." अप्पांनी डोळे मिटून घेतले आणि गल्ल्यावर तीन बंदुका ठेवल्या. एक एकनळी, एक दुनळी, आणि एक परदेशी, हैदराबादेतल्या कुठल्याशा जहागीरदाराच्या घरातून आलेली, नळीखाली लाकडी मूठ असलेली पंपाची. ती मूठ मागे ओढून पुढे ढकलली की रिकामं काडतूस बाहेर आणि भरलेलं आत.

किशनरावांनी ती उचलली आणि त्यांचा चेहराच बदलला. दोन वर्षांचा रुसलेला माणूस एकदम पोरासारखा दिसायला लागला. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, गाल दस्त्याला टेकवला आणि छताच्या पंख्यावर नेम धरला. मग मूठ ओढली. खर्र-खट्.

"याला म्हणतेत बंदूक. पाखरू पाण्यावरून उठलं की थवा बनून उठतंय. दुनळीचे दोन बार झाले की तुमी खिशात काडतूस हुडकून राहिले, अन् थवा गेला देगलूरला. हिच्यात एकामागं एक चालतेत, गाल उचलायचं काम न्हाई. नळी लांब हाय, छर्रा लांबवर एकगठ्ठा जातो. पाण्यावरच्याला हेच लागतंय."

शेषेराव वाहवा म्हणणार एवढ्यात केरबाने दुनळी हातात घेतली. आधी लांब उभं राहून तिच्याकडे पाहिलं, मग पाठीवरून हात फिरवला, मग वाकून दोन्ही नळ्यांत एकेक डोळा घातला. दात पाहायला मिळत नाहीत म्हणून तो जरा हिरमुसला.

"दाजी, इवायांला सांगा," तो व्याह्यांकडे न बघता म्हणाला, "एका बैलानं नांगर चालतोय व्हय? जोडी पायजे. एक दमला तर दुसरा वढतो."

किशनराव दीड हातावर उभे होते. "शेषेराव, तुमच्या मेव्हण्याला सांगा, ही बंदूक हाय. हिला कडबा लागत न्हाई."

"इवायांला सांगा, एक नळी 'टिक' म्हणली तर दुसरी असावी म्हणून म्हणलो."

किशनरावांनी पंपाची बंदूक सावकाश खाली ठेवली, टोपी नीट केली आणि म्हणाले, "येतो शेषेराव. कंधारची गाडी हाय बाराची."

हा माणूस आता पायरी उतरला की सुमन गेली. मग येळवस नाही, पंचमी नाही, काही नाही. शेषेरावांना काय सुचलं ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. त्यांनी डाव्या हाताने व्याह्यांचा पंजा धरला, उजव्याने मेहुण्याचा, दोन्ही एकमेकांवर ठेवले आणि खांद्यावरचा रुमाल काढून वर टाकला.

बैलबाजारात सौदा असाच होतो. दोघांचे हात रुमालाखाली, बोलणं बोटांचं, तोंडं बंद. तीन पिढ्यांचं वैर असलेली माणसं अशी सौदा करून जातात, कारण एकदा रुमाल पडल्यावर हात काढून घेणारा पुन्हा बाजारात तोंड दाखवू शकत नाही. केरबाचा हात जागीच थिजला. किशनरावही बाजार केलेलेच होते, त्यांचाही हात हलला नाही.

"अहो, बंदुकीचा भाव ठरलेला असतो," अप्पा घाबरून म्हणाले. "इथं सौदा चालत न्हाई."

"बंदूक गेली खड्ड्यात," शेषेराव म्हणाले. "माझी लेक किती दिवस यायची ते ठरवा. मला दोन वरसं झाली तिचं तोंड बघून. मला काय बी नको. तेवढं ठरवा."

रुमाल हलू लागला. खाली कोण कुणाचं कोणतं बोट दाबतंय ते दिसत नव्हतं. अप्पा गल्ल्यावरून वाकून बघत होते, काडतुसं घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक खिशात हात घालून तसंच उभं राहिलं. शेषेराव केरबाच्या तोंडाकडे बघत होते. हाळीच्या बाजारात त्याचं तोंड कधी कुणाला वाचता आलं नव्हतं. समोरचा रडकुंडीला येईस्तोवर हा दगडासारखा उभा राही. आज त्याची हनुवटी हलत होती.

"दाजी," तो म्हणाला, आणि रुमालाखाली हात असताना बोलायचं नसतं हे तो पहिल्यांदाच विसरला, "अख्खा पंजा दिला की यांनी. एकदम. मागं घेईनात."

"पंजा म्हंजे?" शेषेरावांना कळेना. "पाच दिवस?"

"दिवस धरा, आठवडे धरा," किशनराव म्हणाले. "पाच कशाचे ते तुमी ठरवा. मी कवा न्हाई म्हणलो?"

"पण तुमी रागावलाव म्हणून..."

"रागावलो व्हतो की! म्हैनाभर लई रागावलो. पण रागाला बी वैरण लागती, पाव्हणं. किती दिस पोसू?" त्यांनी अजून हात काढला नव्हता. "पुढं मी वाट बघून राहिलो, आज कुणी न्यायला येईल, उद्या येईल. पंचमीला वेशीवर जाऊन बसलो. बिनबोलावता सून धाडली तर गाव म्हणल, हाकलून दिली पोरीला. सुनंला वाटलं माहेर इसरलं. तुमच्याकडून एक माणूस आलं न्हाई, शेषेराव."

दोन वर्षं शेषेराव ज्या नकाराला भ्याले, तो नकार कुणी दिलेलाच नव्हता. केरबाने फेट्याच्या टोकाने डोळे पुसले आणि पहिल्यांदा समोर बघून बोलला, "इवाई, चुकलं माझं. ते मांडवातलं बी अन् न आल्याचं बी."

"सोडा वो. काडतूस सादळलं व्हतं," किशनराव म्हणाले. "मी बी आधी तपासायला पायजे व्हतं."

अप्पांनी सुटकेचा श्वास टाकला. "मग कोणती बांधू?"

"पंपाची," केरबा म्हणाला. "इवाई म्हणतेत तीच."

"न्हाई, न्हाई, दुनळी बांधा. मामांचं बराबर हाय, जोडी बरी."

"आसं कसं? पारख तुमची. एकगठ्ठा छर्रा म्हणलाव न्हवं?"

"पण एक नळी अडली तर? तुमी म्हणलेलं मला पटलं ना."

"मला तुमचं पटलं!"

"माझं ऐका!"

दोघांचे आवाज चढले. परवान्यावर बंदूक नोंदवायची मुदत दोन दिवसांवर आली होती. अप्पांनी ती आठवण करून देण्यासाठी शेषेरावांकडे मान वळवली, तर शेषेराव पायरी उतरून रस्त्यावर पोचले होते. बाराची कंधारची गाडी त्यांना स्टँडच्या फाटकातच मिळाली. मागे गल्लीत केरबा ओरडत होता, पंपाची म्हणजे पंपाची.

ते पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. किशनरावांच्या अंगणात सुमन भांडी घासत होती. तिने वर पाहिलं, आणि हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिली.

"आबा? एकलेच?"

"हाव. तुला न्यायला आलो." "मामाच येणार व्हता. पण तो तिकडं बंदूक घेऊन राहिलाय."

सुमनची सासू धोंडाबाई दारात आली. "आन् आमचे मालक?"

"तिथंच. दोघं भांडून राहिलेत."

"मग दोन दिस तरी येत न्हाईत," धोंडाबाई म्हणाली आणि सुनेकडे वळली. "जा ग, पिशवी घे."

सुमन आत गेली आणि लगेच बाहेर आली. पिशवी गच्च भरलेली होती, वर नवी साडी घडी करून ठेवलेली. शेषेराव त्या पिशवीकडे बघतच राहिले. आपण येणार हे हिला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं.

"कुणी सांगत न्हाई तिला," धोंडाबाई म्हणाली. "दर सणाला भरती, सण झाला की रिकामी करून ठिवती. आज दुपारीच भरली व्हती येळवसाची."