डब्यातलं काळं बटण

टकळीला टकळी म्हणायचे ते उगाच नाही. या पोरीचं तोंड बंद करायचं बटण लावायचंच राहून गेलंय, असं इस्त्रीवाली काकू म्हणायची. पण त्या दुपारी, शिवणकेंद्राच्या भर सभेत, हातात पत्र्याचा डबा धरून उभी असताना तिची बोलती बंद झाली. पार बंद!

केंद्र तेरा बायकांचं, सहकारी. शाळांचे गणवेश शिवायचे. मशिनी सगळ्यांच्या आणि निर्णयही सगळ्यांचा. नऊ वर्षांपूर्वी टकळीच्या आईने दोन मशिनींवर ते सुरू केलं, तेव्हापासून आईच अध्यक्ष. आता वॉर्डाचे नगरसेवक आपल्या भाच्याची कंपनी घेऊन दारात आले होते. केंद्र कंपनीला द्या, नोकरी घ्या, ठरलेला पगार घ्या. नाहीतर पुढच्या वर्षी पालिकेच्या गणवेशांचं काम मिळेलच असं नाही, हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की धमकी होती हे घरी गेल्यावर कळावं.

केंद्रात मतदान बटणांनी व्हायचं. प्रत्येकीने घरून एक पांढरं आणि एक काळं बटण आणायचं, पडद्यामागे जाऊन त्यातलं एक डब्यात टाकायचं. आज पांढरं म्हणजे केंद्र आपलंच, काळं म्हणजे कंपनी. मोजायला टकळी, कारण ती सभासद नव्हती आणि गणितात तिला पैकीच्या पैकी होते. हे तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं. दोनदा.

"दहा! अकरा! बारा!" एकेक पांढरं बटण काढताना तिचा आवाज चढत गेला. मग तिने शेवटचं काढलं.

काळं. चार भोकांचं, कडेचा टवका उडालेलं. तो टवका तिनेच उडवला होता, रविवारी, बाबांच्या जुन्या कोटाची बटणं कापताना कात्री घसरून.

तिने मूठ मिटली.

आई? 'एकटा धागा तुटतो, दोर तुटत नाही' असं दारोदार सांगत फिरणारी आई? टकळीला ते वाक्य झोपेतसुद्धा पाठ होतं!

"काय गं पोरी, गणित अडलं का?" नगरसेवक हसले.

"दातखीळ बसली वाटतं," कटिंगवाली मावशी म्हणाली. "चला, आजचा दिवस लिहून ठेवा!"

"बारा पांढरी," टकळी पुटपुटली. "आणि तेरावं... नाहीच आहे."

"तेरा जणी पडद्यामागे जाऊन आल्यात," आई म्हणाली. "मूठ उघड."

"अगं आई, पण..."

"इथे मी आई नाही. उघड."

तिने मूठ उघडली. बारा माना पुढे झुकल्या आणि लगेच मागे गेल्या. बटणाच्या भोकांत धाग्याची फुली अजून तशीच होती. बाकी सगळ्या दोन सरळ टाके घालायच्या. फुली घालायची ती एकटी आई. टकळीला दुसरा धक्का बसला. बटणं लावण्यात जन्म घालवणाऱ्या बायकांनी बटणांनी गुप्त मतदान करायचं? म्हणजे नऊ वर्षं प्रत्येकीला प्रत्येकीचं मत कळत होतं! आणि एकीनेही कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"म्हणजे फूट आहे तर!" नगरसेवकांना यातलं काहीच कळलं नव्हतं. "जिला यायचंय तिने घाबरू नये. पुढे या, ताई."

एकीनेही आईकडे पाहिलं नाही.

"तेरातलं एक, साहेब," मावशी म्हणाली. "निकाल लागला. भाचा बाहेर उन्हात वाळतोय, त्याला घेऊन जा."

"कामाचं मग बघू," म्हणत ते गेले. दार लागताच टकळीचा बांध फुटला. "का? का केलंस असं?"

आईने खिशातून सुई-दोरा काढला. "ओव."

टकळीने ओवला. आणि तिला आठवलं. दोन महिने रोज तीच ओवून देत होती. बडबडत, वर न बघता.

"दोन महिने झाले, मला सुईचं नेढं दिसत नाही गं," आई म्हणाली. "इथे शिवेन तेवढंच मिळतं. तिकडे पगार तरी ठरलेला. घाबरले मी."

"पण तू अध्यक्ष आहेस!"

"म्हणून काय? अध्यक्षाचं बटणही एकच. दोन असती ना, तर हे केव्हाच माझं दुकान झालं असतं. आणि आज मी ते विकून मोकळी झाले असते."

मागून खर्रर्र आवाज आला. मावशी आईची मशीन खिडकीकडे ओढत होती.

"दोन महिने सांगता येत नव्हतं? उजेडाला काय पैसे पडतात? आणि काजं-बटणं हिच्याकडून काढून मला द्या, हिला सरळ शिलाई."

"मत न घेता?" आई म्हणाली. डोळे पुसत होती आणि वर भांडतही होती.

"घे की! मशीनला लागलेले हात मोज."

ढकलायला चौघी पुरल्या असत्या. लागल्या सगळ्या. गणितात पैकीच्या पैकी असणाऱ्या मुलीने माणसं मोजली. बारा.

मग ती स्वतः जाऊन मशीनला भिडली. ती सभासद नव्हती, पण कुणी हरकत घेतली नाही.