उजवी कळी, डावी कळी

भैरू पुजाऱ्यानं कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवल्या आणि बिरोबाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवली.

"उजवी पडली तर सायन्स, डावी पडली तर आर्ट," प्रगतीच्या बापानं, मल्हारीनं मोठ्यानं सांगितलं, जणू देवाला कमी ऐकू येत होतं. "पोरगी दहावीला फर्स्ट क्लास आलीया देवा. सोमवारी दौंडला कॉलेज सुरू होतंय. तू म्हणशील ते करू."

प्रगती आईच्या, विठाबाईच्या मागं उभी होती. वर्गात बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळी होणारी ही पोरगी आज मुकाट होती. महिनाभर सगळं खुटबाव गाव तिला एकच विचारत होतं, कुठली लाइन घेणार, आणि ती हसून वेळ मारून नेत होती.

"सायन्सला बेडूक कापत्यात म्हणं," खंडूमामा म्हणाला. "धनगराच्या पोरीला काय भ्या त्याचं. बेडकानं भ्यावं."

कुणी हसलं नाही. त्यांच्या घरात एकदा कौल मिळाला की विषय संपला. थोरल्या मोनिकाताईचं लग्न याच खांद्यांवर ठरलं होतं. डावी कळी पडली आणि ताई इनामगावला गेली. सुखात आहे, असं सगळे म्हणत. ताईला कुणी विचारलं नव्हतं. देवानं सांगितल्यावर विचारायचं तरी काय?

बराच वेळ कळ्या जागच्या हलल्या नाहीत. तेवढ्यात बाहेरून हाका आल्या. जयसिंग पाटलांची खताची ट्रॉली पाटाच्या चारीत कलंडली होती.

"आलोच. ध्यान ठेव गं," मल्हारी विठाबाईला म्हणाला आणि तिघंही गडी धावले. विठाबाई गाभाऱ्याकडं पाठ करून पायरीवर टेकली, पदरानं वारा घेऊ लागली.

उजवी कळी जराशी सरकली. मग सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.

सायन्स. म्हणजे विषय संपला. डावी पडली असती तर, असं तिनं मनात धरून बघितलं. तरीही विषय संपलाच असता.

पाय कधी उंबऱ्याच्या आत गेला ते तिला कळलं नाही. बायकांनी जिथं जायचंच नाही, तिथं ती उभी होती. तिनं कळी उचलली, तांब्यात बुडवली आणि खांद्यावर दाबून धरली. दगड गार होता. आता आपला हात झडणार, अशी तिची खात्री झाली. बोटं तशीच धरून ती मागं वळली, तर विठाबाई तिच्याकडंच बघत होती.

प्रगती उंबऱ्याबाहेर आली, तोवर चिखलानं भरलेले गडी परत आले.

"पडली का?" मल्हारीनं विचारलं.

विठाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. देवाच्या दारात आवाजसुद्धा न चढवणारी बाई.

"न्हाई," ती म्हणाली. "दोन्ही हायत तिथंच."

भैरूनं डोकं खाजवलं. "देव बोलंना. त्याला बळं बोलवू नये. दिवाळीत परत लावू."

"आन् तवर कॉलेज?" खंडूमामानं विचारलं.

"बसंल कुठंतरी," मल्हारी म्हणाला. "शाळेतलं सर म्हणलं व्हतं, लाइन मागनं बदलता येती. सोमवारी जाऊ दे."

घराकडं निघाल्यावर गडी पुढं गेले. विठाबाई मागं राहिली. तिचे ओठ हलत होते, देवाची माफी मागत असावी. ओढ्यापाशी आल्यावर ती हळूच म्हणाली,

"आर्टच पायजे व्हतं व्हय तुला?"

"न्हाई."

"मग सायन्स पडलं व्हतं की. परत कशाला चिकटवलं?"

"ठाऊक न्हाई, आई."

विठाबाई जागीच थांबली. प्रगतीनं डोळे गच्च मिटले.

"म्हंजी सोमवारी कुठल्या वर्गात शिरायचं, ते तुलाबी ठाऊक न्हाई?"

"न्हाई."

"आन् देवाला आपुन बोलू दिलं न्हाई."

प्रगतीनं मान हलवली. विठाबाईनं तिचं मनगट धरलं, बांगडी रुतेल इतकं घट्ट, आणि दोघी पुन्हा चालू लागल्या.

"सोमवारी मीबी येती," ती म्हणाली. "दारापतुर."