मे महिन्यातलं पाणी

नीळकंठने दोरी हळूहळू सोडली. टोकाला बांधलेली काचेची बाटली दगडांना न लागता खाली गेली, पाण्याला टेकली आणि बुडबुड करत भरली. माळीपुऱ्यातल्या बायका पाण्याचे पितळी गुंड घेऊन काठावर खोळंबल्या होत्या.

"एवढीशी शिशी भराले अख्खी विहीर अडवून ठेवली बाप्पा यानं," जनकाबाई म्हणाली. ती शेजारची, वयाने आईएवढी. "नागपूरले पाणी नाही काय रे, निळू?"

"तपासाले पाह्यजे, काकू."

"पाण्यात काय तपासतं? चांगलं गारगार हाये."

त्याने बाटलीला बूच लावलं, ती ओल्या फडक्यात गुंडाळली आणि वाट काढत घराकडे निघाला. देऊळघाटात पिण्याच्या विहिरी दोनच. ही माळीपुऱ्यातली जुनी, गोठ्यांच्या मधोमध. आणि दुसरी शाळेपलीकडे नाल्याकाठी पंचायतीने नव्याने बांधलेली. दोन्हींचं पाणी तपासून, कॉलेज उघडेल त्या दिवशी त्याला अहवाल द्यायचा होता.

नीळकंठ सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात जाणार होता. शेवटच्या वर्षातच एम.ई.चे विषय सोबत घ्यायचे आणि दोन्ही पदव्या एक वर्ष आधी पदरात पाडायच्या, अशी सोय कॉलेजने त्या साली प्रथमच केली होती. पाणीपुरवठा आणि आरोग्य या शाखेत जागा एकच. डबीर सरांनी ती नीळकंठला दिली होती. अट अशी की प्रबंधासाठी लागणारं प्रत्यक्ष काम उन्हाळ्याच्या सुटीत उरकायचं. त्याच्यामागे वैजनाथ नावाचा वर्गमित्र वाट पाहत होता, तोही हुशार होता.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा वडिलांना, उकंडरावांना, त्यातलं एवढंच कळलं की पोरगा एक वर्ष लवकर नोकरीला लागेल. वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यांत वाकून वाकून त्यांची कंबर गेली होती. थोरला कडूबा एकटाच मळा ओढत होता.

"एक साल म्हणजे लय झालं," ते म्हणाले आणि उठून मोटेकडे गेले. पुढचे दोन-तीन दिवस त्यांचा आवाज घरात जरा मोठा होता.

पडवीत नीळकंठने पत्र्याची पेटी मांडली. आत जांभळ्या काढ्याने भरलेल्या काचेच्या नळ्या, आणि खाली अंगाएवढी ऊब राहावी म्हणून बारीक वातीची चिमणी. नळीत पाणी घालून दोन दिवस ठेवायचं. पाण्यात घाण उतरत असेल तर जांभळा रंग पिवळा होतो आणि आतल्या छोट्या उपड्या नळीत वायूचा बुडबुडा धरतो. चिमणी विझू न देण्याचं काम कडूबाच्या बायकोने, गोजरबाईने, न सांगता अंगावर घेतलं. ती येता-जाता वात पाहायची.

गेल्या पावसाळ्यात तिची चार वर्षांची मुलगी हगवणीने गेली होती. दोन दिवसांत सगळं आटोपलं. "पोट्टीले शिळं चारलं हिनं," असं सोजराबाई, तिची सासू, तेव्हा म्हणाली होती. आणि नंतरही, भाजीत मीठ जास्त पडलं तरी, फिरून तिथेच यायची. गोजरबाईने उलट उत्तर दिलं नाही. मुलीचं नावही तिच्या तोंडून परत कोणी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नीळकंठने पेटी उघडली. नव्या विहिरीची नळी जांभळीच होती. जुन्या विहिरीची पिवळी पडली होती, आणि आतल्या उपड्या नळीत हरभऱ्याएवढा बुडबुडा होता.

गोजरबाई आपल्या धाकट्या पोराला कडेवर घेऊन मागे उभी होती.

"हे काय, भाऊजी?"

"हे जुन्या विहिरीचं. गोठ्यातलं सारं आत झिरपते. पिण्याजोगं नाही ते."

तिने वाकून नळी जवळून पाहिली.

"अशा पाण्यानं लेकरू जाऊ शकते?"

"जाऊ शकते, वहिनी."

तिने धाकट्याला खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. "म्हणजे माह्या हातचं नाही," ती म्हणाली. विचारत होती की सांगत होती, ते त्याला कळलं नाही.

"नाही," तो म्हणाला.

चुलीपाशी सोजराबाईच्या हातातली भाकरी थांबली होती. त्या दिवसापासून शिळ्याचा विषय घरात निघाला नाही.

नीळकंठने ती नळी सरपंच शालिग्रामजींनाही दाखवली. पंचायतीने जुन्या विहिरीचा रहाट काढून घेतला. आता सगळा माळीपुरा नव्या विहिरीवर जाऊ लागला. वाट लांबची, परतताना चढाची. बायका कुरकुरल्या, पण गोजरबाई पहाटे सगळ्यांच्या आधी गुंड घेऊन निघायची. तिच्या पाठोपाठ दुसऱ्या निघू लागल्या. नीळकंठने अहवालात शेवटचं वाक्य लिहिलं: नवीन विहिरीचं पाणी पिण्यास योग्य आहे.

कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी तो बुलढाण्याला एस.टी. धरायला निघाला. रात्रभर पाऊस झाला होता. शाळेपलीकडे आला आणि त्याचे पाय थांबले. नाला पात्र सोडून पसरला होता. नव्या विहिरीच्या कठड्याला गढूळ पाणी लागलं होतं, त्यावर शेणकाडी तरंगत होती. कठडा भक्कम होता; पण खालच्या बांधकामातून काय झिरपत असेल, हे वरून दिसत नव्हतं. मागून कोणीतरी हाक मारली, गाडी चुकेल म्हणून. तो निघाला.

नागपूरला डबीर सरांनी अहवाल चाळला आणि खूश होऊन चष्मा काढला.

"नेटकं काम आहे. उद्यापासून दोन्ही वर्ग सुरू."

"सर, पावसातलं पाणी तपासायचं राहिलं."

"राहणारच. वर्षभराचे नमुने घ्यायचे तर त्याला दोन वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम आहे. तू लवकरच्या वाटेने निघालायस." सर हसले. "अहवालात 'मे महिन्यातील नमुना' असं स्पष्ट लिही. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने बिनचूक."

"गावात मी मे महिना म्हणालो नव्हतो, सर. नव्या विहिरीचं पाणी प्या म्हणालो होतो."

सरांनी चष्मा पुन्हा लावला. खिडकीबाहेर मुलं सायकली लावत होती.

"आठवडाभर जाऊन आलो तर?"

"उद्या हजेरी लागली नाही तर जागा वैजनाथला द्यावी लागेल. नियम मी केलेला नाही, नीळकंठ. पण पाळायचा मलाच आहे." ते जरा थांबले. "तुझ्यासारखा मुलगा मला परत लवकर मिळणार नाही. विचार कर."

त्याने विचार केला. रात्रभर खोलीत येरझाऱ्या घातल्या. वडिलांची कंबर डोळ्यांपुढे आली, कडूबा आला. सकाळी वर्गाची घंटा झाली तेव्हा तो प्रयोगशाळेतून नळ्यांची नवी पेटी मागून घेत होता.

घराच्या अंगणात त्याला पाहून उकंडराव उठून उभे राहिले.

"काऊन आला बे? आताच तर गेला होता."

त्याने सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग टोपी डोक्यावर घातली आणि मळ्याकडे चालू लागले. जाताना म्हणाले, "पाण्यापायी साल घालवलं."

जनकाबाईच्या नातवाला कालपासून हगवण लागली होती.

नीळकंठने त्याच दुपारी नव्या विहिरीचं पाणी काढलं. पुन्हा पेटी, पुन्हा चिमणी. गोजरबाई वात सारत होती. पण या वेळी तिने एकदाही नळीकडे पाहिलं नाही. पेटी उघडली तेव्हा काढा पिवळा झाला होता आणि बुडबुडा जुन्या विहिरीच्यापेक्षा मोठा होता.

शालिग्रामजींनी नळी उजेडात धरून पाहिली आणि परत दिली.

"मागं म्हणला ते खराब, हे चांगलं. आता म्हणतं हेही खराब. पुढच्या महिन्यात काय म्हणशील?"

"दोन्ही विहिरीत जंतू मारायची पावडर टाका, आणि लोकांले पाणी उकळून प्याले सांगा. मी चुकलो, सरपंचसाहेब. पावसाचा इचार केला नाही."

"लोकं आता तुह्यं ऐकत नाहीत गड्या. मीही कोणत्या तोंडानं सांगू? पावडरीचं बुलढाण्याले कळवतो. तोवर रहाट लावून देतो जुन्या विहिरीवर. निदान बायायचा फेरा तरी वाचन."

संध्याकाळी रहाट पुन्हा चढला. त्याचा आवाज घरापर्यंत येत होता. सोजराबाई सूप घेऊन बसली होती. नीळकंठ आत आल्यावर ती तांदळाकडे पाहतच म्हणाली,

"हेही पाणी तसंच, तेही तसंच. साऱ्या गावाची लेकरं तेच पेतात. मग आपलीच पोट्टी काऊन गेली?"

नीळकंठला उत्तर ठाऊक होतं: पाणी सगळेच पितात, पण ते प्रत्येकाला बाधतंच असं नाही. आणि या घरात आता त्याच्या उत्तराला किंमत नाही, हेही ठाऊक होतं. गोजरबाई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा गेल्या पावसाळ्यात होता तसा दिसला, आणि त्याला वाटलं, आपण आलो नसतो तर बरं झालं असतं. वैजनाथ आता पहिल्या बाकावर बसत असेल.

गोजरबाईने चुलीवर मोठं पातेलं चढवलं, त्यात गुंडातलं सगळं पाणी ओतलं आणि जाळ लावला. मग पडवीत आली.

"ते नळी द्या, भाऊजी."

"कायले?"

"द्या."

त्याने दिली. तिने पदर डोक्यावरून नीट घेतला, नळी ओंजळीत धरली आणि पायऱ्या उतरून बोळात गेली. सोजराबाई सूप टाकून उठली. "अवं, कोठी चालली?" ती ओरडली. गोजरबाई थांबली नाही.

नीळकंठ मागोमाग गेला. जनकाबाई उंबऱ्यात नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. पोराचे डोळे खोल गेले होते. शेजारी वाटीत पाणी होतं. दोन-तीन बायका भोवती होत्या. गोजरबाईला पाहून त्या गप्प झाल्या. ती कोणाच्या दारी जात नसे.

ती जनकाबाईसमोर उकिडवी बसली. वाटी उचलून तिने बाहेर अंगणात रिकामी केली. मग नळी पुढे धरली, जनकाबाईला बुडबुडा दिसेल अशी.

"पाहा, काकू," ती म्हणाली. तिने आवाज खाली येऊ दिला नाही. "माही चंद्री असंच पाणी पिऊन गेली. माही चंद्रकला."