आमेर आलं म्हणून

जर्मनीला पाठवायचा हट्ट आमच्या कीर्तीचा. "आई, बाबांना आठवतंय तोवर एकदा फिरून या." मी म्हटलं, अगं, जयपुरात काय किल्ले कमी आहेत? पण लेकीपुढे माझं चालतंय कुठे!

तर ऱ्हाईन नदीतून आमची बोट चालली होती. केवढी ती वर्दळ! मालाच्या लांबलचक बोटी, प्रवाशांच्या बोटी, आणि दोन्ही काठांच्या डोंगरांवर एकामागून एक किल्ले. आमचे हे रेलिंगला धरून उभे, खूश होते. गेल्या वर्षापासून त्यांना विसरायला होतं. शेजाऱ्यांची नावं गेली, झोटवाड्यातल्या आमच्या घराचा रस्ता गेला. एक दिवस मीही जाईन, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

एका धक्क्याला बोट लागली. मी बाथरूमला जाऊन येते तर बोट सुटलेली आणि हे जागेवर नाहीत! आमच्या टूरमधला पवन म्हणाला, "आंटी, अंकल तो उतर गए. बोले, आमेर आ गया. मुझे लगा आप भी साथ हैं."

डोंगरावर किल्ला, खाली पाणी. त्यांना आमचं जयपूरजवळचं आमेर वाटणारच! पण ह्या शहाण्याला अडवता आलं नाही? मी त्याचा असा उद्धार केला की गोरे लोक वळून बघायला लागले.

कप्तानाने धावपळ करून मागच्या बोटीला कळवलं. ती बोट ह्यांना घेऊन पुढच्या धक्क्यावर येणार होती. मी तिथे उतरून वाट बघत राहिले.

बोट आली. एका म्हाताऱ्या जर्मन बाईने ह्यांचा हात घट्ट धरला होता, स्वतःची शाल ह्यांच्या खांद्यावर टाकली होती. हे माझ्यासमोर आले. मी रडत होते, तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अदबीने नमस्कार केला आणि बाजूने पुढे निघाले.

संपलं, मला वाटलं. गेले मी.

आणि मग मला असा काही संताप आला! "अहो! कुठे निघालात? जिवाला घोर लावता आणि वर नमस्कार करता?"

ते थबकले. वळले. चेहरा एकदम उजळला.

"अलका! अगं, किती ओरडतेस. लोक बघताहेत."

जन्मभर हे ऐकून मी चिडत आले हो. त्या दिवशी त्या बाईला कडकडून मिठी मारली, देवाला हात जोडले, आणि आणखी मोठ्याने ओरडले.