लाल ठिपका

"प्लगाक मी नाव ठेवणंय नाय, काका. तेच्यावर तुमचो ठिपको होतो," प्रीतम म्हणाला आणि त्याने चिंधीत गुंडाळलेला होडीच्या इंजिनाचा प्लग लवूच्या हातावर ठेवला.

सकाळचे आठ वाजले होते. लवू खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आंब्याच्या जुन्या पाटावर बसला होता. समोर पेट्रोलची वाटी, पितळी तारांचा ब्रश आणि काळ्या पडलेल्या प्लगांची रांग. प्रीतमने आदल्या संध्याकाळची हकिगत सांगितली. जाळी भरून परत येताना इंजिन अडखळायला लागलं म्हणून त्यांनी प्लग काढून लवूकडून आणलेले दोन बसवले. पाच मिनिटं बरी गेली आणि मग एक सिलिंडर मेला तो मेलाच. सर्जेकोटच्या बाहेर ओहोटीची ओढ आणि होडी सरकतेय खडपाच्या, पाण्यातल्या खडकांच्या दिशेने. नांगर टाकला, तो नशिबाने धरला, आणि मागून आलेल्या दुसऱ्या होडीने ओढून आणलं. चार माणसं होती होडीत. खडप दोन वाव, जेमतेम बारा फुटांवर राहिलं होतं, असं प्रीतम म्हणाला. तो नेहमी थोडं वाढवून सांगतो, पण त्या दिवशी त्याच्या चेहऱ्याकडे बघून कुणीही ते खरं धरलं असतं.

प्लग काढला तर तेलाने ओला चिंब. म्हणजे रॉकेलात तेल जास्त पडलं. तेल मिसळायचं काम सर्वेशचं. प्रीतमने त्याला धक्क्यावरच होडीतून उतरवलं होतं, पुन्हा चढू नको म्हणून.

लवूने मान हलवली. सर्वेश बारा वर्षं त्या होडीवर होता. त्याला उतरवलेलं लवूला बरं वाटलं नाही, पण त्याच वेळी आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं, आणि ते वाटल्याची त्याला पुढे फार लाज वाटली.

सर्जेकोटात लवूला मेकॅनिक म्हणत नाहीत. मेकॅनिक मालवणात असतात, त्यांची दुकानं असतात. लवू फक्त प्लग साफ करायचा. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची इंजिनं, ती प्लग असे काजळवून टाकतात की नवी जोडी पंधरा दिवस टिकली तर पुष्कळ. मग लोक काळे प्लग लवूच्या खळ्यात आणून ठेवायचे आणि भोकं पाडलेल्या फळीवर जे तयार उभे असत त्यातले घेऊन जायचे. रात्रभर भिजवणं, घासणं, चुलीच्या निखाऱ्यावर तापवून आतलं तेल जाळणं, करवतीच्या जुन्या पात्याचा तुकडा सारून टोकांमधलं अंतर बसवणं. हे सगळं कुणीही करू शकतं, आणि बरेच जण घरी करतातही. लोक लवूकडे यायचे ते शेवटच्या गोष्टीसाठी. तो प्रत्येक प्लग उन्हात धरून त्याची पांढरी चिनीमाती फिरवून फिरवून बघायचा. तापलेला प्लग ओल्या जागी टेकला की तिला केसासारखी चीर जाते, आणि अशा प्लगातून ठिणगी भलतीकडेच पळते. चीर दिसली की लवू तो प्लग पायरीवर ठेवून हातोडीने फोडायचा, म्हणजे चुकूनही कुणी परत वापरू नये. नाही दिसली की नेलपॉलिशच्या बाटलीतला लाल ठिपका लावायचा. बाटली मुलीची, दीपिकाची. ती लग्न होऊन कणकवलीला गेली त्याला नऊ वर्षं झाली, आणि बाटल्याही मध्ये तीन बदलल्या, पण लवू अजून "दीपिकाची बाटली" असंच म्हणायचा.

प्रीतम गेल्यावर त्याने तो प्लग धुतला, पुसला, उन्हात धरला. ठिपका थोडा करपला होता. चिनीमाती त्याला स्वच्छ दिसली, आणि तो चहा करायला आत गेला. नर्मदा, त्याची बायको, घरात नव्हती. दीपिकाच्या दुसऱ्या बाळंतपणाला ती कणकवलीला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि त्या संध्याकाळच्या एसटीने यायची होती.

दुपारी सर्वेश आला. चाळिशीचा माणूस, दोन मुलींचा बाप. तो भांडेल असं लवूला वाटलं होतं. तो पायरीवर बसला, पाणी प्यायला, दीपिकाला काय झालं ते विचारलं. मुलगी झाली म्हटल्यावर बरं झालं म्हणाला. मग उठता उठता बोलला.

"काका, तेल मी मापानच घातलंय. तुमी परत एकदा प्लग बघा, इतक्याच सांगूक इलंय."

"मी उन्हात धरून बघलंय, सर्वेशा. प्लग बरो आसा."

सर्वेश पायरी उतरला. चपला घालून गेला. वाद घातला असता तर लवूला सोपं गेलं असतं. वादात तो कुणाला हरत नसे.

त्याने प्लग पुन्हा हातात घेतला. डोळ्यांसाठी मालवणच्या डॉक्टरने त्याला ओरोसच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं होतं, आणि ओरोसच्या डॉक्टरने दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं की हा मोतीबिंदू नाही, असता तर काढून टाकता आला असता. डोळ्याचा मागचा पडदा सुकत चालला आहे, आणि तो हळूहळू सुकतच जाणार. लवूने ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन प्लग घासायला बसला. पेपर वाचणं त्याने सोडलं, मोबाईलवर नंबर नर्मदा लावून द्यायची. पण प्लगाचं काम हाताचं आहे, असं तो स्वतःला सांगत आला होता. हात तर चांगलेच होते.

चिनीमातीच्या कडेला काहीतरी चिकटल्यासारखं बोटाला लागलं म्हणून तो जुना टूथब्रश शोधायला मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडाकडे गेला. नर्मदेचा साबण, सोडा, निळीची बाटली सगळं एका फळीवर असायचं. हाताने चाचपताना मागे दूध पावडरचा एक डबा लागला. उचलला तर जड. आत लोखंड वाजलं.

त्याने तो खळ्यात आणून उन्हात ओतला. प्लग होते. साफ केलेले, अंतर बसवलेले, चौदा प्लग. एकही फोडलेला नाही. लवूला आधी समजेना, कारण बाद प्लग तो फोडल्याशिवाय ठेवत नसे, आणि चांगला प्लग डब्यात कशाला जाईल? त्याने एक उचलून डोळ्याजवळ नेला. त्याचा लाल ठिपका होता. ठिपक्याच्या शेजारून, वरपासून खालपर्यंत, एक बारीक निळी रेघ होती. दुसरा उचलला. ठिपका आणि रेघ. तिसरा.

मग त्याला नर्मदेची बोटं आठवली. धुण्याचा वार नसतानाही कितीदा तिची बोटं निळी असायची, आणि तो तिला चिडवायचा की तू काय मोराची पिसं रंगवतेस काय. ती हसायची आणि हात पदराला पुसायची.

तो उठून निळीची बाटली घेऊन आला. वाटीत थोडी ओतली, प्रीतमचा प्लग बुडवला, काढून चिंधीने पुसला आणि सूर्याकडे धरला. सगळीकडची नीळ पुसली गेली होती. एका ठिकाणची गेली नव्हती, चिरेत मुरली होती. ठिणगी तिथूनच पळाली होती आणि तेल न जळता प्लगावर राहिलं होतं.

लवू तिथेच बसून राहिला. चार माणसं, दोन वाव, सर्वेशच्या दोन मुली, हे सगळं त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

नर्मदा आली तेव्हा ऊन माडांच्या शेंड्यावर होतं. तिने पिशवी ओट्यावर ठेवली, आणि खळ्यात मांडलेले चौदा प्लग आणि वेगळा ठेवलेला पंधरावा बघितला. एसटीतून उतरल्यावर नाक्यावर तिला सर्वेशचं कळलं होतं. ती लवूच्या शेजारी जमिनीवर टेकली.

"डबो गावलो?" तिने विचारलं.

"कधीपासून ह्या?"

"दोन वर्सां. ओरोसच्या डाक्टराकडसून इलात त्या दिसापासून."

लवूने विचारलं की मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "सांगूक जीभ उठली नाय. सांगला तर तुमी काम सोडतलात, ह्या माका म्हायत होता. मगे दिसभर खळ्यात बसान काय करतलात?"

तिने सगळं सांगून टाकलं. तो जेवून पडला की ती फळीवरचे प्लग निळीत बुडवून बघायची आणि चिरलेले डब्यात टाकायची. फोडायची नाही, कारण हातोडीचा आवाज त्याला ऐकू गेला असता. कणकवलीला जाताना फळीवर होते तेवढे सगळे तिने तपासून ठेवले होते. ते पंधरा दिवस पुरतील, असा तिचा अंदाज होता. पण दीपिकाचं बाळंतपण लांबलं. तिथे ती रोज फळीचा विचार करायची, आणि रोज फोनवर फक्त जेवलात काय एवढंच विचारायची.

"जाताना मी तुमका सांगूक होया होता," ती म्हणाली. "ता माझां चुकला."

लवू रागावला नाही. रागवावं असं त्याला फार वाटत होतं, पण कुणावर, ते ठरेना. दोन वर्षं गावाने त्याच्या ठिपक्यावर भरवसा ठेवला आणि त्या ठिपक्यामागे बघणारे डोळे त्याचे नव्हतेच. तरी ते डोळे होते तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. या दोन गोष्टींचा मेळ त्याला घालता येईना. तिने पेज टाकली, दोघं जेवली, आणि पहिल्यांदाच तिने फळीकडे न जाता पाठ टेकली.

सकाळी मासळीचा लिलाव चालू असताना लवू धक्क्यावर गेला. नर्मदा सोबत यायला निघाली होती, त्याने तिला नको म्हटलं. वाट त्याच्या पायांना पाठ होती. प्रीतम टोपल्यांपाशी उभा होता, आजूबाजूला पंधरावीस माणसं. सर्वेश बाजूला दुसऱ्या कुणाचं जाळं झाडत होता. लवूने चिंधीतला प्लग काढून प्रीतमच्या हातावर ठेवला आणि निळी रेघ बोटाने दाखवली. बोट रेघेच्या थोडं बाजूला पडलं.

"प्लग माझोच फुटको होतो. माका चीर दिसाक नाय. सर्वेशान तेल बरोबर घातलेल्यान."

लिलावाची बोली थांबली. प्रीतमने प्लग फिरवून बघितला. "पण काका, ठिपको होतो," तो म्हणाला, जणू लवूने ते नाकारावं म्हणून.

"ठिपको हातान लावलेलो. डोळ्यान नाय."

थोड्या वेळाने बोली पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा हळू आवाजात. लवू परत फिरला तेव्हा सर्वेशने जाळं सोडून त्याला रस्त्यापर्यंत आणून सोडलं.

घरी येऊन त्याने चौदाच्या चौदा प्लग पायरीवर एकेक करून फोडले. नर्मदा ते पुढे सारत होती, तो हातोडी मारत होता. एक घाव चुकला आणि पायरीचा टवका उडाला. फळीवर उभे होते तेही तिने निळीत बुडवले. त्यातले चार चिरलेले निघाले, तेही फोडले.

प्रीतमने सर्वेशला परत घेतलं. प्लग मात्र तो मालवणातून नवे आणायला लागला, आणि त्याचं बघून बाकीचेही. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. होडीत माणसं असतात. फळीची भोकं रिकामी राहिली. लवू सकाळी सवयीने पाटावर बसायचा, ब्रश हातात घ्यायचा आणि तारा बोटाने सरळ करत राहायचा. नर्मदेला ज्याची भीती होती तेच झालं होतं, आणि ती त्याच्याकडे बघायचं टाळून अंगण झाडायची.

सतराव्या दिवशी सर्वेश दोन काळे प्लग घेऊन आला. प्रीतमने पाठवले का, असं लवूने विचारलं. सर्वेश म्हणाला, नाही, मीच आणले, होडीवर जादाची जोडी असलेली बरी. ते पाटाजवळ ठेवून तो लगेच गेला.

लवूने ते भिजवले. दुसऱ्या दिवशी घासले, तापवले, कोरड्या फळकुटावर निवायला ठेवले, पात्याचा तुकडा सारून अंतर बसवलं. मग त्याने ते उन्हात धरले नाहीत. नर्मदेला हाक मारली.

ती निळीची वाटी घेऊन आली आणि त्याच्या शेजारी, भर उजेडात, रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसेल अशी बसली. पहिला प्लग बुडवून पुसला, बघितला आणि त्याच्या हातात हातोडी दिली. त्याने तो फोडला. दुसरा तिने बराच वेळ फिरवला. मग दीपिकाची बाटली उघडून त्याच्यापुढे धरली.

लवूने ती तिच्याकडे परत सारली. "ठिपको तू लाव," तो म्हणाला.

तिने कधी लावला नव्हता. ब्रशवर रंग जास्त आला, तो बाटलीच्या तोंडाला पुसून तिने श्वास धरून टेकवला आणि प्लग त्याच्या तळहातावर ठेवला. लवूने तो डोळ्यांसमोर नेला, थोडा दूर धरला, पुन्हा जवळ आणला.

"लावलंस?"

"लावलंय."

त्याने बोटाने चाचपून बघितलं. ठिपका अजून ओला होता, त्याच्या बोटाला लाल रंग लागला. त्याने ते बोट पुसलं नाही आणि प्लग नेऊन फळीच्या पहिल्या भोकात उभा केला.