शून्य किलोमीटरचा जनरेटर

भूमजवळच्या डिझेल डेपोत भाड्याच्या वस्तू अकरा होत्या: दोन टँकर, एक फोर्कलिफ्ट, एक वजनकाटा, सहा एसी आणि आगीच्या पंपाला जोडलेला एक जनरेटर. त्या खरंच वापरात आहेत की फुकटचं भाडं जातंय, हे कळावं म्हणून पुण्याच्या मुख्य कार्यालयानं प्रत्येकीवर एकेक ट्रॅकर चिकटवला. ट्रॅकरही भाड्यानंच आणले. म्हणजे भाड्याच्या वस्तू बावीस झाल्या.

हा हिशेब युसराकडे होता. फिजिक्स घेऊन एमएस्सी झालेली, त्यामुळे मोजणं तिला येत होतं. अडचण काय मोजायचं याची होती. ट्रॅकर फक्त किलोमीटर सांगायचा आणि महिनाभरात ज्याचे किलोमीटर शून्य, ती वस्तू परत. एसी कुठं फिरायला गेले नव्हते, म्हणून ते ऐन मे महिन्यात गेले. वजनकाटा सिमेंटात रोवलेला निघाला. उपटायचा खर्च मंजूर होईपर्यंत तो वाचला. जुलैत जनरेटरची पाळी आली.

युसरानं पुण्याला आण्णासाहेबांना फोन लावला.

"सर, जनरेटर जागेवर उभा राहूनच काम करतो. लाइट गेल्यावर आगीचा पंप त्याच्यावरच चालतो."

"मॅडम, तक्त्यात किलोमीटरचाच रकाना आहे."

"पण त्याला चाकं नाहीत, सर."

"मग चाकांचा प्रस्ताव पाठवा. महिनाअखेरही शून्यच दिसलं तर एक तारखेला गाडी येईल, तोवर परतीच्या फॉर्मवर सही करून ठेवा."

टँकरवाले चाँदपाशा दारात उभे राहून ऐकत होते. डेपोच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर.

"बेटा, लाइट तर रोजच जातीया. आग लागली तर आमी काय, पुण्याला फोन लावायचा?"

"लावा की, चाचा. ते आधी विचारतील, आग किती किलोमीटर गेली."

चाँदपाशा हसले नाहीत. "त्ये डबडं माझ्या टँकरमधी टाक. लई फिरवतो त्याला."

कॉलेजात लंबकाचं साधं रीडिंगसुद्धा युसरानं कधी मनानं लिहिलं नव्हतं. तिनं परतीचा फॉर्म उघडला, भिंतीपलीकडे वाळत घातलेल्या पोरांच्या कपड्यांकडे पाहिलं, फॉर्म मिटला. मग जनरेटरवरचा ट्रॅकर काढून चाँदपाशांच्या हातात दिला.

ऑगस्टभर जनरेटर परंड्याला गेला, ईटला गेला, दोनदा कुर्डुवाडीलाही जाऊन आला. इकडे लाइट गेली की तोच जनरेटर डेपोत धडधडत होता. महिनाअखेर पुण्याहून मेल आला: जनरेटरचा वापर समाधानकारक, भाडेकरार आणखी तीन वर्षांसाठी वाढवला आहे, सोबतच्या तक्त्यात डिझेलचा खप भरून पाठवावा.

युसरानं तक्ता भरला. अंतर १,८४० किलोमीटर. डिझेल ४० लिटर. सरासरी, लिटरला ४६ किलोमीटर.