हेमालीच्या हळदीचा धवला

वेणूबाईचा घसा बसला, तोही नेमका हेमालीच्या हळदीच्या दिवशी. लगीनसराईत एका मांडवातून उठून दुसऱ्या मांडवात बसायचं आणि वर उन्हातून आल्या आल्या बर्फाचं सरबत प्यायचं, मग दुसरं काय होणार? थळच्या बाजूला कोळ्यांचं लग्न धवलारणीशिवाय लागत नाही. भटजी येतात, मंगलाष्टकं म्हणतात, पण हळदीला देवांना आणि घरच्या पितरांना मांडवात बोलावून आणायचं ते तिनंच, धवले गाऊन. तिनं एक ओळ म्हणायची, मागं बसलेल्या बायांनी ती झेलायची. आणि इथं वेणूबाईच्या तोंडून नुसती हवा निघत होती. तिनं शेजारच्या भाविकाला कोपरानं ढोसलं आणि मांडवाच्या मधोमध मांडलेल्या पाटाकडे बोट दाखवलं.

भाविकाची पाचावर धारण बसली.

ही भाविका अलिबागच्या कॉलेजात शिकत होती आणि तीन वर्षं वेणूबाईकडे धवले शिकत होती. दोन्हीकडे मागच्या रांगेतली. कॉलेजात उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. इकडे सगळे धवले तोंडपाठ, पण वेणूबाईनं आजवर 'बरं म्हटलंस' एवढंही म्हटलं नव्हतं. तिचा एकच शब्द ठरलेला, 'परत.' चुकलं तरी परत, बरोबर आलं तरी परत. माणसानं समजायचं काय? आपल्याला हे जमणारं नाही असं भाविका समजली होती, आणि हे लग्न झालं की धवले सोडून द्यायचे असं तिनं मनाशी पक्कंही केलं होतं. वेणूबाईला सांगायचं धाडस तेवढं झालं नव्हतं.

ती पाटावर बसली. माइक तोंडापासून हातभर लांब. पहिली ओळ तिची तिला तरी ऐकू आली की नाही, देव जाणे. मागच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. "कॉलेजवालीला बसवलंय व्हय," असं कुणीतरी बोललं, आणि ते मात्र सगळ्यांना ऐकू आलं.

नवरीशेजारी हळदीची वाटी घेऊन केसरकाकू उभी होती. हेमालीची ही थोरली काकू, घरातली मोठी सवाष्ण. पहिली हळद लावायचा मान तिचा. ती पुढं आली, माइक उचलून भाविकाच्या तोंडाशी धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "गला गोड हाय गो तुजा. मना आवडला. आता मागच्या खुर्च्यांवरच्यांना पन ऐकू दे."

एवढंच. पण तीन वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. भाविका ताठ बसली. दुसरी ओळ तिनं अशी काही सोडली की मांडवाबाहेर डीजेचे खोके उतरवणारे गडी काम थांबवून बघायला लागले. एकवीरा आली, खंडोबा आला, गावदेवी आली. मग पितरांची पाळी. हेमालीच्या बापानं सांगितलेली नावं तिनं एकेक करून घेतली.

आता कौतुकाचं असं आहे, ते अंगात भिनलं की माणूस थोडा हवेतही जातो. सांगितलेली नावं संपली तरी भाविका थांबली नाही. हेमालीचा पणजा झाला होता, आजा झाला होता, आणि त्याच झोकात आज्याचा थोरला लेक विनेश, त्यालाही तिनं पितरांत बोलावलं.

सगळ्या माना केसरकाकूकडे वळल्या.

विनेश म्हणजे केसरकाकूचा नवरा. भाविका लहान असताना वादळात त्याची होडी गेली ती परत आली नाही. देहही मिळाला नाही. भाविकाच्या वयाची पोरं तो मेला असंच धरून वाढली. पण केसरकाकूनं कुंकू पुसलं नाही, हिरवा चुडा उतरवला नाही, आणि कोळीवाड्यानंही तिला कधी विधवा म्हटलं नाही. हा न बोलता पाळलेला रिवाज भाविकानं भर मांडवात, माइकवर मोडला होता. पितरांत बोलावलेल्याची बायको सवाष्ण कशी? ती हळद लावणार कशी? केसरकाकूचा हळदीत बुडवलेला हात तसाच राहिला. एक म्हातारी तिच्या हातातली वाटी घ्यायला पुढंही सरकली.

भाविकाला रडू यायच्या बेतात होतं. उठावं आणि पळून जावं, असं वाटत होतं. पण जिनं आपल्याला चारचौघांत चांगलं म्हटलं, तिलाच आपण चारचौघांत उघडं पाडलं, हे तिला सोसेना. गळा गोड आहे ना? मग ह्याच गळ्यानं निस्तरायचं. पितरांनंतर धवल्यात लांबच्या जित्या नातलगांना बोलावणं असतं. तिनं चाल तीच धरली आणि कुणी न शिकवलेले शब्द घातले:

"ऊठ रं विनेशा, पितरांत तुजा पाट न्हाय,
वल्हव तुजी होरी, दर्याला भरती हाय,
हलद घेऊन हातान तुजी केसर हुबी हाय."

मागून कुणीच झेललं नाही. ही ओळ कुठल्याच धवल्यात नव्हती, बाया झेलणार काय? आणि धवला असा अर्ध्यात सोडणं म्हणजे अपशकुन. भाविकानं तेच पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं, थेट केसरकाकूकडे बघून.

तेव्हा एक फाटका, घोगरा आवाज मागून उठला. वेणूबाई. आयुष्यात ती कधी कुणाच्या मागून म्हणाली नव्हती. सख्खी बहीण धवलारीण, पण तिच्याही नाही. आज बायांच्या रांगेत सरकून, बसल्या घशानं, ती आपल्या शिष्येची ओळ झेलत होती. मग बाकीच्या कशाला थांबतात? सगळा मांडव म्हणायला लागला.

केसरकाकूच्या डोळ्यांना धार लागली होती. तिनं वाटीला टेकलेल्या म्हातारीला बाजूला सारलं, हेमालीच्या दोन्ही गालांना हळद लावली आणि माखलेली बोटं भाविकाच्या कपाळावर ओढली.

"माज्या घोवाला बरोबर जाग्यावर नेऊन बसवलंस," ती म्हणाली. "आता थांबू नको. पुडं म्हन, धवलारीनबाय."

ह्या नावानं भाविकाला आजवर कुणी हाक मारली नव्हती. तिनं माइक आपल्या हातानं जवळ ओढला. पुढची ओळ तिला ठाऊक होती, आणि तिच्या मागं वेणूबाई ती झेलायला मान पुढं करून थांबली होती.